बुडून आलेली गाडी

पंचमीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आप्पांनी सगळ्यांना नव्या गाडीत घातलं आणि पाणी बघायला नेलं.

सांगलीत हे काही नवल नव्हतं. वर कोयनेचे दरवाजे उघडले की इकडं माणसं आयर्विन पुलाकडं निघतात. खांबावरचे फुटांचे आकडे वाचायचे, मागच्या सालाशी ताडून बघायचे, गरम भजी खायची आणि घरी येऊन निवांत झोपायचं. आप्पांच्या लेकीला, प्रियदर्शनीला, साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. पण पाणी बघायला जायचं म्हटलं की तिच्याही पायात चपला आपोआप चढायच्या.

गाडी आणून महिनाही झाला नव्हता. सीटवरचं प्लास्टिक आप्पांनी कुणाला काढू दिलं नव्हतं, त्यामुळं कुणी जरा हललं की चुरचुर वाजायचं. पुढं डावीकडं आई, मागं प्रियदर्शनी आणि शेजारचे नानासो. नानासोंनी ह्याच कंपनीची, ह्याच पांढऱ्या रंगाची गाडी आप्पांच्या बरोबरीनं, एकाच मुहूर्तावर घेतली होती. पण आप्पांची गाडी दारात उभी होती आणि नानासोंची क्लचचं दुखणं काढून गॅरेजात पडली होती.

आई टेकली तशी गाडी टुंग टुंग करायला लागली.

"वैनी, पट्टा लावा," नानासो म्हणाले. "न्हाईतर ही बया गप बसायची न्हाई."

"माझ्या सासूनं पन एवढं टोकलं न्हवतं," आई म्हणाली. "आवं, गाडी आनलीया का सासू आनलीया?"

"गाडीला ब्रेक तरी हाय," आप्पा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पूल येईपर्यंत हसत राहिले.

पुलावर गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. आई पट्टा ताणून पुढं वाकली आणि कठड्यापलीकडं बघत म्हणाली, "लय लाल हाय वं पानी."

"लाल असूं दे न्हाईतर काळं," आप्पा म्हणाले. "पाच साली शाळंच्या भितीवर रेघ मारलीया. तिच्यावर याचं न्हाई ते. किस्नामाई आपली रेघ वळखती."

ह्यावर नानासोंनीही मान डोलावली. त्या वस्तीत सगळेच ती रेघ मानत. नवं घर बांधताना जोतं रेघेच्या वर घेत, धान्याची कणगी रेघेच्या वर ठेवत. दोन हजार पाचचा पूर म्हणजे नदीनं स्वतः दिलेला शब्द, असंच सगळे धरून चालत.

संध्याकाळी प्रियदर्शनी निघाली, तेव्हा आई एसटी स्टँडवर पोचवायला आली होती. "पंचमीला लेक माहेरी येती, आन् तू पंचमी टाकून निघालीस."

"उद्या कॉलेजात समिती येणार आहे, आई. नाही थांबता येत."

"मग मीच येती लेकीच्या घरी. उलटी पंचमी करू." आई हसली. एसटी वळली तेव्हा ती पदर डोक्यावर घेऊन नव्या गाडीकडं चालत होती. प्रियदर्शनीला आई दिसली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "दर्शे, मी बॅग भरून उंबऱ्यात बसलीया. तुजं आप्पा म्हंत्यात, आष्ट्याकडं रस्त्याला पानी लागलंय, नवी गाडी पान्यात घालायची न्हाई. आदी गाडी शाळंच्या वरच्या पटांगणात, रेघंच्या वर लावून येतो म्हंत्यात, मग सकाळी निघू."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एसटी येत-जात होत्या. प्रियदर्शनीच्या कॉलेजातला शिपाई त्याच रस्त्यानं साताऱ्याला आला, आणि पाणी टायरच्या वर नव्हतं असं त्यानं नंतर सहज बोलता बोलता सांगितलं.

सकाळी रस्ता बंद झाला. पाणी रेघेवर आलं, रेघ गिळून वर चढलं. आई-आप्पा गच्चीवर गेले. आईला दम्याचा त्रास होता. पाऊस, ओली हवा, भिजलेली औषधं. बोट आली तेव्हा ती बोलत नव्हती. मिरजेच्या दवाखान्यात नेल्यावर तिला दुसरी सकाळ दिसली नाही. नदी उतरून वाट मोकळी झाली आणि प्रियदर्शनी पोचली, तोवर आप्पांनी आणि नानासोंनी सगळं उरकलं होतं.

पूर ओसरल्यावर लोक आपापल्या गाड्या शोधायला निघाले. शाळेच्या पटांगणात लावलेल्या गाड्या एकावर एक चढल्या होत्या, कुणाची उकिरड्यात, कुणाची भिंतीत घुसलेली. आप्पांची गाडी तिथं नव्हती. ती घरासमोर होती. तरंगत दोन गल्ल्या मागं येऊन दाराशी उभी राहिली होती, कुठं ओरखडा नाही, डावीकडचं दार बरोबर पायरीला लागून. माणूस न्यायला आलेली गाडी जशी लावतात, तशी.

नानासोंनी ते बघितलं. त्यांनी नुसती टोपी काढली आणि परत घातली.

विम्याच्या माणसानं गाडी भंगारात धरली. आप्पांनी ती दिली नाही. नदीपासून लांब, विश्रामबागच्या बाजूला अमीरचं गॅरेज होतं. त्याच्या दारात त्या वर्षी पुरातल्या गाड्यांची रांग लागली होती, आणि रांगेतल्या मालकांचा रोज सकाळी दरबार भरे. एका डॉक्टरांची महागडी गाडी पाणी उतरताच त्यांच्या ड्रायव्हरनं चावी फिरवून बघितली. इंजिनात पाणी होतं, ते तिथंच फुटलं. एका मास्तरांची गाडी चालायची, पण वळणावर आपोआप हेडलाइट लावायची. एका व्यापाऱ्याची दारं भर बाजारात उघडायची. कुणाला ह्याच कंपनीची गाडी आयुष्यात घेणार नाही असं वाटत होतं, तर कुणी शपथेवर सांगत होता की दुसऱ्या कंपनीची असती तर एवढीही वाचली नसती.

नानासोंचं दुःख वेगळंच होतं. "माझी तर भाच्यानं आदीच मिरजंला नेलती. पान्याच्या थेंबाला न्हाई शिवली. तरी क्लच गेला, एसी गेला, उंदरानं वायरी खाल्ल्या, आता रेडिएटर गळतोय. आन् आप्पांची आक्खी बुडली, टपापतुर बुडली, ती बगा. पैल्या हाकंला चालू."

"तुमी शिव्या देता गाडीला, म्हणून," अमीर म्हणाला.

"शिव्या कवा दिल्या? नवरात्रात लिंबू चिरडलं, नारळ फोडला. अजून काय वटी भरू तिची?"

मालक हसले. आप्पा हसले नाहीत. गाळ काढून, सीटा सोलून, वायरिंग बदलून अमीरनं गाडी त्यांच्या हवाली केली, आणि त्या दिवसापासून ती बंद पडली नाही. एकदाही नाही. पंक्चर नाही, बॅटरी नाही. अमीर सर्व्हिसिंगला बॉनेट उघडायचा, आत बघायचा, आणि जरा घाईनंच बंद करायचा. पुरातल्या गाडीला गंज चढतो, कितीही केलं तरी आतून चढतोच. हिच्या आत मात्र सगळं कोरं होतं, काल शोरूममधून आणल्यासारखं.

एकच खोड राहिली होती. डावीकडच्या रिकाम्या सीटसाठी ती टुंग टुंग वाजायची.

"पाणी शिरलंय सेन्सरमधी," अमीर पहिल्यांदा म्हणाला होता, आणि त्यानं सेन्सर बदलला. मग सीटच बदलली. मग वायर तोडली. प्रियदर्शनी एका सुट्टीत आली होती, तेव्हा तिनं स्वतःच त्याला विचारलं.

"ताई, आता वाजायला काय शिल्लकच न्हाई तिथं," तो म्हणाला. हातातला तुटका प्लग त्यानं तिला दाखवला.

"मग वाजतंय काय?"

"त्येच तर." त्यानं आवाज खाली आणला. "आमची अम्मी म्हणते, नको हात लावूस. आप्पांना सांगून बघा तुम्हीच."

आप्पांनी ह्यावर सोपा उपाय काढला होता. गाडीत बसायच्या आधी ते वळसा घालून डावीकडं जायचे, दार उघडायचे, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खट् करून लावायचे, आणि पदर अडकू नये म्हणून बघावं तसं खाली बघून दार अलगद लावायचे. मग गाडी गप्प.

प्रियदर्शनी त्या गाडीत पुढं कधी बसली नाही. एकदाच, भर दुपारी, गाडी आंब्याच्या सावलीत उभी असताना तिनं खिडकीतून हात घालून त्या सीटवर तळवा ठेवला होता. ड्रायव्हरची सीट गार होती. डावीकडची कोमट होती. कुणी आत्ताच उठून गेल्यावर पाट लागतो, तशी.

तिनं ह्याविषयी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, जयराजला, सुद्धा नाही. तसं तिनं बरंच काही सांगितलं नव्हतं. आप्पांना विचारायचं एक वाक्य तिच्या मनात बसलं होतं, आणि ती सांगलीला आली की ते तिच्याबरोबर ताटावर बसायचं. आप्पा घास पुढं करत, तब्येत विचारत; ती "बरी आहे" म्हणे. शब्दांवर पोट भरणारी बाई, पण ते एक वाक्य तिच्यानं उचलत नव्हतं. आप्पा म्हातारे होत चालले होते. त्या वाक्यानं ते मोडतील ह्याची तिला भीती होती, आणि ते न विचारताच आप्पा जातील ह्याची त्याहून जास्त.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही आप्पांना उजव्या डोळ्यानं नीट दिसेना. माधवनगरला त्यांनी गाडी दुभाजकावर चढवली. त्यांना काही झालं नाही आणि गाडीलाही काही झालं नाही. नानासोंनी फोनवर हे दुसरं जास्त घाबरून सांगितलं. "दर्शे, टायर फाटाय पायजे हुता गं. साधी रिम वाकली न्हाई. न्हे बाई तुझ्या बापाला. आन् ती गाडी हितंच इक."

जयराजनं साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये आप्पांसाठी खोली रिकामी केली. प्रियदर्शनीनं अट घातली, गाडी विकून यायचं. ती गाडी आपल्या खिडकीखाली उभी आहे, ही कल्पना तिला सोसत नव्हती. आप्पा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी नानासोंनीच जतकडचं एक गिऱ्हाईक आणलं.

कोंडीबा नाव त्याचं. मेंढरांचा व्यापार करणारा, उंचापुरा, मोकळ्या आवाजाचा माणूस. सकाळी दहाच्या स्वच्छ उन्हात तो अंगणात आला. गाडी त्यानं मागून-पुढून बघितली, टायरला लाथ घातली, वाकून खालून बघितलं.

"पुरातली हाय, खोटं सांगणार न्हाई," आप्पा म्हणाले.

"आमच्याकडं पिण्याला पाणी न्हाई, काका. आमाला पुराची कसली भीती?" कोंडीबा हसला. "चालतीया न्हवं? मग झालं. एक फेरी मारतो." त्यानं चावी घेतली, गाडीकडं गेला, ड्रायव्हरच्या दाराला हात घातला आणि थांबला. मग दोन पावलं मागं सरून, जरा ओशाळून प्रियदर्शनीकडं वळला.

"वैनींना उतरू द्या की आदी. मी आपला आडदांड चालवणार. त्यास्नी कशाला तरास?"

अंगणात कुणी हललं नाही.

"कोन वैनी?" नानासोंनी विचारलं.

"ह्या न्हवं का, डोक्यावर पदर घिऊन..." कोंडीबानं बोट केलं, पुन्हा वाकून काचेत बघितलं. बराच वेळ बघितलं. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला होता. "काच काळी हाय," तो म्हणाला. "ऊन पडतंय. तसं दिसलं आसंल."

काच काळी नव्हती.

त्यानं चावी प्रियदर्शनीच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. चहा घेतला, अर्धाच घेतला, आणि घरी विचारून सांगतो म्हणाला. फाटक लावताना त्यानं गाडीकडं बघून नकळत हात जोडल्याचं तिला दिसलं.

नानासो गेल्यावर आप्पांनी ओट्यावरची चावी उचलली. ते म्हणाले, "मी येतो तुझ्याकडं. पर न्यायचं आसंल तर सगळ्यास्नी न्हे. मला एकट्याला न्हाई जमायचं."

प्रियदर्शनीला सगळ्यास्नी म्हणजे किती जण, हे विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं करून ते निघाले. गाडी तिला चालवता येत नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला आप्पा चावी देईनात. "हळू जाऊ," ते म्हणाले. "ही काय मला पाडायची न्हाई." त्यांनी वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं, पट्टा ओढला, खट् केला, खाली बघितलं, दार लावलं. प्रियदर्शनी मागं बसली. नानासो फाटकात उभे होते. त्यांची स्वतःची गाडी त्याही दिवशी अमीरकडं होती. त्यांनी हात वर केला तो आप्पांकडं बघून नाही, तिच्याकडं बघूनही नाही.

थंडीचे दिवस होते. आभाळ धुतल्यासारखं निळं, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं चाललेले, माणसं अंगावर ऊन घेत बसलेली. असल्या उजेडात कशाला घाबरायचं, असं ती स्वतःला सांगत होती. इंजिनाचा आवाजच येत नव्हता. आप्पा काही बोलत नव्हते, तरी त्यांची मान मधून मधून डावीकडं जरा झुकायची, ऐकणाऱ्या माणसाची झुकते तशी. एकदा ते "हूं" म्हणाले. एकदा किंचित हसले.

तिच्या लक्षात आलं, की हे असंच साताऱ्याला येणार. रोज खिडकीखाली उभं राहणार, रोज ताटावर बसणार. आप्पा ह्या गाडीत बसून आईशी सगळं बोलून घेत होते. बोलायचं राहिलं होतं ते फक्त लेकीचं. आणि एकदा का घरात सगळे सामावले, की मग ते वाक्य कुणी कुणाला विचारत नाही. त्याच्या भोवतीनं चालायची सवय होते.

पूल आला. पुढं ट्रॅक्टर होता, त्यामुळं आप्पांनी गाडी अगदी हळू केली. खाली नदी उन्हात पडली होती, पार तळाला गेलेली, काठचे दगड उघडे. 

डावीकडच्या सीटचा पट्टा सरसरला.

प्रियदर्शनीनं बघितलं. खांबातून पट्टा हळूहळू बाहेर येत होता. रिकाम्या सीटपासून तो हातभर पुढं आला, ताणला, आणि तसाच हवेत थांबला, जसं छातीचं वजन टाकून कुणी पुढं वाकून कठड्यापलीकडं बघावं. समोरच्या काचेवर, आतून, वाफेचा एक लहान गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला.

ती सीटला पाठ लावून मागं सरली. आप्पा मात्र दचकले नाहीत, त्यांनी गाडी हलू दिली नाही. त्यांनी त्या पट्ट्याकडं ओळखीच्या नजरेनं बघितलं आणि हळूच म्हणाले, "बग. किती खाली गेलंया. उगंच भ्यालो आपन."

ते "उगंच" ऐकलं आणि प्रियदर्शनीच्या आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी जागचं हललं. भीती तिथंच होती, पण तिच्यापुढं दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं.

"आप्पा, गाडी थांबवा."

"पुलावर कसं थांबू, दर्शे? मागं वाहनं हायत."

"थांबवा."

आप्पांनी पूल ओलांडला, सांगलीवाडीच्या बाजूला गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. ट्रॅक्टर पुढं निघून गेला. पट्टा अजून तसाच ताणलेला होता. फक्त काचेवरची वाफ आता उमटत नव्हती. कुणीतरी श्वास धरून ऐकत असावं, इतकी शांतता गाडीत झाली.

आप्पांनी मागं वळून बघितलं नाही. आरशात त्यांचा एक चांगला आणि एक धूसर डोळा तिला दिसत होता. त्यांना ठाऊक होतं, काय येतंय ते. कदाचित ते इतकी वर्षं ह्याचीच वाट बघत चालवत होते.

"आप्पा," ती म्हणाली. "त्या दिवशी आई बॅग भरून उंबऱ्यात बसली होती. रस्ता संध्याकाळपर्यंत चालू होता. दारात नवी गाडी होती. तुम्ही गाडी उंचावर नेऊन ठेवलीत, आणि माझ्या आईला खाली ठेवलंत."